सकाळी ए, संध्याकाळी सी

परवा सकाळी मी एका सुपरवायझर बाईंच्या हातावर दही-साखर ठेवली आणि वर आशीर्वादही दिला, की घाबरायचं नाही बेटा, येईल तेवढं लिहायचं आणि बाकीचं देवावर सोडायचं.

चूक माझी एकट्याची नव्हती, चष्म्याचीही होती. तो आत टीव्हीवर राहिला होता. वरच्या मजल्यावरच्या हंसाबेनची नात ध्रुवी यंदा दहावीला आहे आणि परवा तिचा पहिला पेपर होता. माझी बायको मेधा शाळेत गणित शिकवते, त्यामुळे मार्च महिन्यात ती आमच्या घरी पाहुणी असते. घाईघाईत निघताना तिनं वाटी माझ्या हातात दिली. "अहो, ध्रुवी उतरली की हातावर दही घाला. विसराल." मी विसरलो नाही. लिफ्टच्या दाराशी वाटी धरून पहारेकऱ्यासारखा उभा राहिलो. लिफ्ट उघडली. आता आमच्या बडोद्यात स्कूटरवर बसणारी प्रत्येक मुलगी उन्हाच्या धाकानं तोंडाला ओढणी अशी गुंडाळते, की डोळ्यांखेरीज काही दिसत नाही. समोरचे डोळे घाबरलेले होते. हातात पारदर्शक पाऊच, त्यात पेनं. आणखी काय पुरावा हवा? मी दही घातलं, आशीर्वाद दिला. ओढणी सुटली तर आत ध्रुवीची काकी!

"काका, हुं तो सुपरविझनमां जाउं छुं!"

ध्रुवी केव्हाच पुढे गेली होती. पण हातावर आलेलं दही कुणी टाकत नाही. काकीनं ते निमूटपणे चाटलं, रुमालाला हात पुसला आणि हसून म्हणाली, "चालशे. बीक तो मनेय लागे छे." भीती तर मलाही वाटते. ती गेली, आणि वाटीतलं उरलेलं दही मी जिन्यात उभ्यानंच संपवलं. म्हटलं, आपणही कुठं पास झालोय अजून.

हे दिवसच असे असतात. सकाळी अजून अंगावर चादर हवीशी वाटते आणि अकरा वाजता रस्ता तापतो. कडुलिंबाची जुनी पानं रोज झाडून ढीग लावावेत इतकी गळतात, आणि त्याच फांद्यांवर तांबूस, लाजरी पालवी फुटलेली असते. आंब्याचा मोहोर कुठून तरी येऊन नाकात शिरतो आणि शिंका देऊन जातो. सोसायटीतल्या देवळाचा भोंगा गप्प. परीक्षा केंद्राजवळच्या झेरॉक्सच्या दुकानाचं शटर खाली. आमचा भाजीवाला एरवी "टामेटां" असं ओरडतो की तिसऱ्या मजल्यावरचं कुत्रं जागं होतं. तोही या दिवसांत टोमॅटो कानात सांगितल्यासारखे विकतो. साऱ्या गावानं पायातल्या चपला काढून हातात घेतल्यासारखं वाटतं. मुलं आत लिहीत असतात आणि बाहेर सगळं शहर श्वास धरून बसलेलं असतं.

या दिवसांत मला अजून पहाटेच जाग येते. माझ्या स्वतःच्या परीक्षांमुळे नव्हे. मी दहावी झालो तेव्हा वडिलांनी पेढे वाटताना शेजाऱ्यांना टक्के सांगितले नव्हते. नुसतं "सुटला" एवढंच म्हणाले होते. जाग येते ती आमच्या मुलीच्या, सईच्या, दहावीच्या आठवणीनं.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. तेव्हा आम्ही दांडिया बाजारात राहत होतो. दोन खोल्या, आणि त्यांच्यापुढे एक अरुंद सज्जा, त्यात झोपाळा, आमचा हिंचका. तो हलवला की भिंतीला लागायचा, म्हणून त्यावर न हलता बसायचं, असा नियम होता. मी वाघोडियाच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये होतो. कंपनीची बस संध्याकाळी सोडायची, हातपाय धुऊन मी पाटावर बसायचो, आणि आमच्याकडे पहिल्या घासाबरोबर गोष्ट सुरू व्हायची. जेवताना गोष्ट हा आमच्या घराण्यातला रिवाज. वडील सांगायचे, मग मी सांगू लागलो. शाकात मीठ कमी पडलं असेल तर गोष्ट रंगवायची, जास्त पडलं असेल तर पाणी पिण्यासाठी ऐन प्रसंगी थांबायचं, एवढीच त्यातली कला.

आमचे पणजोबा साताऱ्याकडून बडोद्याला आले आणि संस्थानच्या हत्तीखान्यात कारकून म्हणून चिकटले. कुठल्या हत्तीनं किती चारा खाल्ला ते लिहायचं, हे त्यांचं काम. पोटातल्या वाताचा त्यांना त्रास होता. आमच्या कुळाच्या इतिहासात याच्यापलीकडे एक अक्षर नाही. बाकीचा सगळा हत्तीखाना मी भरला.

मी कसला, सईनं भरला. पाच-सहा वर्षांची असल्यापासून ती माझ्या समोर बसायची, आणि मी "एक हत्तीण होती" म्हटलं की, "तिचं नाव काय?" नाव ठेवणं भाग पडायचं. यमुना. "तिला काय आवडायचं? ऊस?" नाही, भाकरी. "कसली भाकरी?" बाजरीची. "मग तिच्यासाठी भाकऱ्या कोण करायचं?" झालं, हत्तीखान्यात एक भाकऱ्या भाजणारी बाई आली, तिला एक नवरा आला, त्या नवऱ्याला दम्याचा विकार आला. मी नुसता तिच्यामागून धावत असे. लोक म्हणतात मी गोष्टी बऱ्या सांगतो. खरं म्हणजे मला प्रश्न चांगले मिळाले.

त्यातली एक गोष्ट फार चालायची. दसऱ्याची मिरवणूक आटोपून यमुना परत निघाली आहे. पाऊस लांबलाय, विश्वामित्रीला पाणी आहे. नदीच्या काठावर येऊन यमुना थांबते. माहूत गूळ दाखवतो, अंकुश दाखवतो, शेवटी पाया पडतो. पलीकडच्या काठावर पणजोबा छत्री घेऊन वाट पाहत उभे. यमुना पाऊल उचलत नाही. एवढं सांगून मी भाकरीचा तुकडा मोडायचो आणि थांबायचो. ती जागा मी सईसाठी मोकळी ठेवलेली असे. त्यात तिचा प्रश्न बरोबर येऊन बसायचा: "का थांबली?"

पहिल्यांदा मी सांगितलं, मगरीला घाबरून. आमच्या विश्वामित्रीत मगरी आहेत हे बडोद्यातलं शेंबडं पोरही जाणतं. दुसऱ्या दिवशी सईच म्हणाली, "हत्ती काय मगरीला घाबरतो? दुसरं सांग." मग मी म्हणालो, मिरवणुकीचे रंग अंगावर होते, ते धुऊन जातील म्हणून. एकदा म्हणालो, पाण्यात तिला दुसरी हत्तीण दिसली. एकदा सईनंच सांगितलं की तिला घरी जायचंच नव्हतं, तिला मिरवणूक आवडली होती. मेधा वाढता वाढता ऐकायची आणि म्हणायची, "अहो, नदी ओलांडू द्या तिला एकदाची, ताटं धुवायची आहेत मला." यमुना वर्षानुवर्षं काठावर उभी राहिली आणि आम्ही जेवत राहिलो.

नववीची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात आम्ही सईला पुलापलीकडे अकोट्याच्या एका क्लासला घातलं. सगळेच घालत होते. क्लासचे भावेशसर तिशीतले, बोलून बोलून घसा बसलेले, खिशात कायम खोकल्याच्या गोळ्या. माणूस लाख. एखाद्या मुलाकडे फीला पैसे नसले तर "पछी आपजो", नंतर द्या, म्हणून विषय संपवायचे. त्यांना मुलं पार लावायची होती, आणि त्यांनी नदी नीट पाहून ठेवली होती, कुठं पाणी उथळ आहे ते.

दर रविवारी ते सराव परीक्षा घ्यायचे. उत्तरं टिंबं भरून द्यायची, यंत्रानं तपासायची. त्यांची एक युक्ती होती, ती सईनं पहिल्याच आठवड्यात मला सांगितली. उतारा दिला असेल तर तो वाचायचा नाही. आधी खालचे प्रश्न वाचायचे, मग चार पर्याय, आणि मग उताऱ्यात जाऊन नेमकं तेवढंच शोधून बाहेर यायचं.

"म्हणजे उताऱ्यात काय झालं ते कळतच नाही?" मी विचारलं.

"तेच ना, बाबा! एका उताऱ्यात एक कुत्रा होता. त्याचं पुढं काय झालं ते प्रश्नांत नव्हतंच. मी मग वाचला अख्खा. माझे शेवटचे सहा प्रश्न राहिले."

ती हसत होती. मीही हसलो. तेव्हा ते हसण्यावारी नेण्यासारखंच वाटलं.

पावसाळ्याच्या तोंडाशी भावेशसरांनी मला आणि मेधाला बोलावून घेतलं. समोर चहा ठेवला, आणि सईची उत्तरपत्रिका. दीपगृहात राहणाऱ्या एका म्हाताऱ्याचा उतारा होता. तो म्हातारा रोज समुद्राकडे पाहत का बसतो, असा प्रश्न. ए, त्याला जहाजांवर लक्ष ठेवायचं असतं. बी, त्याला निसर्ग आवडतो. सी, त्याला एकटं वाटतं. डी, यांपैकी नाही. सईनं दोन टिंबं भरली होती, आणि शेजारच्या कोऱ्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं होतं: सकाळी ए, संध्याकाळी सी.

मला तर ते वाचून उठून नाचावंसं वाटलं. मी मेधाकडे पाहिलं. ती उत्तरपत्रिकेकडे पाहत होती.

"सईबेन हुशार आहे," सर म्हणाले. ते गुजरातीत बोलले, मी मराठीत सांगतो. "पण काका, यंत्राला दोन टिंबं दिसली की ते एकही धरत नाही. आणि बाजूला लिहिलेलं तर ते वाचतच नाही."

"पण दोन्ही बरोबर असतील तर?" मेधानं विचारलं. मेधानं!

सर थोडे ओशाळले. "मॅडम, तुम्ही गणिताच्या. तुम्ही मला विचारता?" मग खोकल्याची गोळी तोंडात टाकून हळूच म्हणाले, "ती विचार करत बसते हो. मला आवडतं ते. पण विचार करायला तिथं वेळच ठेवलेला नाही. बाकीची मुलं टिंबं भरून पुढे जातात, आणि ही त्या म्हाताऱ्याशेजारी बसून राहते."

घरी आल्यावर सई म्हणाली, "पण बाबा, तो रोज बघतो ना समुद्राकडे? मग रोज एकाच कारणानं कसा बघेल?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मेधानं तिला जवळ ओढलं. रागावली नाही. तिचे केस मागे सारत म्हणाली, "सयू, तुझं बरोबर आहे. पण पद्धत आपल्या हातात नाही. एवढं वर्ष जे विचारलंय तेवढंच सांग. मग काय हवं ते कर." शाळेत रोज साठ-साठ मुलांच्या वह्या तपासणारी बाई ती. तिनं डोळ्यांदेखत हुशार पोरं अशीच मागे पडलेली पाहिली होती. स्वतःची पोर त्यात तिला पाहायची नव्हती, एवढंच. आणि त्या वर्षापुरती जेवणातली गोष्ट बंद झाली. तिघांनाही ते पटलं. त्या वर्षी आमच्या घरात पहिल्यांदाच भाकरी गरम खाल्ली गेली.

मी तिला स्कूटरवरून क्लासला सोडायचो. सुरुवातीला पुलावर ती मला थांबायला लावायची. खाली गढूळ पाण्याच्या कडेला, चिखलावर मगर पसरलेली असायची, चिखलाचाच एक तुकडा असावा तशी. "बाबा, ती बघ, झोपेत हसतेय." "तिला कळत असेल का आपण वरून बघतोय?" मागून कुणीतरी हॉर्न मारून सरकायला सांगायचा, "ओ काका, हवे खसो ने!" आणि आम्ही पुढे निघायचो. दिवाळीनंतर केव्हातरी ते थांबणं बंद झालं. कोणत्या दिवशी, ते मला सांगता येणार नाही. मागच्या सीटवर बसून ती सूत्रांची कार्डं वाचत असे, आणि पूल आला की म्हणायची, "बाबा, इथं वाऱ्यानं कार्ड उडतं, लवकर चल ना." मी वेग वाढवायचो. आरशात तिचे ओठ हलताना दिसायचे. मला एखादे वेळी वाटायचं, मगर आता आपल्याकडे बघून हसत असेल.

ती दुःखी नव्हती, हे मला सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल घरात रडारड होती. छे! तिचे मार्क भराभर वाढत होते. भावेशसर रस्त्यात भेटले तर स्कूटर थांबवून अंगठा वर करायचे. मेधाच्या कपाळावरची आठी गेली होती. सईला स्वतःलाही त्याची गंमत वाटू लागली होती. पर्यायांतले दोन तर डोळे झाकून खोडता येतात, मग उरलेल्या दोनांत बघायचं, असं ती मला समजावून सांगायची, आणि मला ते पटायचंही. उत्तरायणाला गच्चीवर पतंग काटताना तिच्या मैत्रिणी "काप्यो छे" म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडत होत्या, आणि ती तासभर वर येऊन, तिळाचा लाडू खाऊन, शहाण्यासारखी खाली गेली. कुणी सांगितलं नव्हतं तिला. मेधा तर म्हणाली होती, थांब की जरा.

मग मार्च आला. दहीही आलं, एका घरचं नव्हे. आमच्या मजल्यावर तेव्हा मराठी-गुजराती मिळून चार बिऱ्हाडं होती आणि चौघींचाही आपापल्या दह्यावर भरवसा होता. तिसऱ्या पेपरला सईला मार्कांऐवजी सर्दी मिळाली. केंद्राच्या फाटकाशी संस्थेचे कुणी शेठ प्रत्येक मुलाला गुलाबाचं फूल देत उभे होते. मुलांना कळेना, एका हातात हॉल तिकीट, एका हातात पाऊच, फूल धरायचं कुठं? फाटकाच्या आत पायरीवर गुलाबांचा ढीग पडला होता. आम्ही आईबाप मंडळी समोरच्या लिंबाखाली. कुणी जपमाळ ओढतंय, कुणी छाश वाटतंय, कुणी उगीचच घड्याळाला चावी दिल्यासारखं मनगट चोळतंय. पेपर सुटला की सगळीकडून एकच प्रश्न, कसा गेला: "केवुं गयुं?" आणि मुलं एका शब्दात सांगायची, "सारुं." सईही एका शब्दात सांगायची. तिचं ते एका शब्दात सांगणं मला नवीन होतं.

शेवटच्या पेपरच्या संध्याकाळी मी बेत केला. कोपऱ्यावरून शेवउसळ आणली, तिखट तर्री वेगळी बांधून घेतली, पाव आणले. मेधानं सज्ज्यात चटई घातली. वर्षभर राखून ठेवलेली गोष्ट मी काढली: यमुना. नवीन प्रसंग घातले होते. माहुताला एक सासू दिली होती. बसमध्ये येता-जाता मी ती रचली होती, शेजारच्या सीटवरच्या माणसाला वाटायचं मी जप करतो. मिरवणूक झाली, पाऊस आला, यमुना नदीच्या काठावर आली आणि थांबली. मी पावाचा तुकडा मोडला आणि थांबलो.

सई ऐकत होती. डोळे माझ्याकडे होते, चेहरा हसरा होता. ती वाट पाहत होती, मी पुढे सांगण्याची.

मी पाव खाल्ला. उसळ खाल्ली. पाणी प्यायलो. मेधानं मान वर करून आधी माझ्याकडे पाहिलं, मग सईकडे.

शेवटी मीच म्हणालो, "का थांबली असेल गं?"

ती गोंधळली. फसवून परीक्षेला बसवल्यासारखी. मग म्हणाली, "ते कुठं ठरलंय, बाबा? तू दरवेळी वेगळंच सांगायचास. ज्याचं ठरलेलं नसतं ना, ते विचारत नाहीत." आणि माझं तोंड पाहून मायेनं म्हणाली, "पण छान होती गोष्ट. सासू मस्त होती."

त्या संध्याकाळी मी यमुनेला नदी पार करू दिली. काय करणार? उशीर झाला होता, पणजोबा भिजत होते.

निकाल उत्तम लागला. पेढे वाटले, आणि मी वडिलांसारखा नुसतं "सुटली" म्हणून थांबलो नाही, टक्के सांगितले, दशांश चिन्हासकट. क्लासनं चौकात मोठा फलक लावला. त्यावर पोस्टाच्या तिकिटाएवढे मुलांचे चेहरे आणि प्रत्येकाखाली चेहऱ्यापेक्षा मोठा आकडा. आमची सई दुसऱ्या ओळीत. मी कंपनीच्या बसमधून रोज तो पाहायचो आणि शेजाऱ्याला दाखवायचो. पुढे पावसानं तो फिका होत गेला. आकडे जाड होते, ते राहिले. चेहरे आधी गेले.

मापाला माझा विरोध नाही. ज्याचा जन्म स्टोअर्समध्ये गेला तो मापाला नावं कशी ठेवील? आमच्याकडे बोल्ट तपासायला एक साधं गेज असतं. त्याच्या एका बाजूनं बोल्ट गेला पाहिजे आणि दुसऱ्या बाजूनं जाता कामा नये. झालं, पास. तो बोल्ट कसा आहे हे ते गेज सांगत नाही, जातो की नाही एवढंच सांगतं, आणि ते बरोबरच आहे. हजारो बोल्ट रोज यायचे, प्रत्येकाची विचारपूस कोण करणार? मशिनला तेवढं पुरतं. पण बोल्टला घरी कुणी जेवताना गोष्ट सांगत नसतं. आणि गेजातून जाता यावं म्हणून बोल्ट रात्रंदिवस स्वतःला घासत बसत नाही. आमची पोरं बसतात. दहावीला बसतात, बारावीला बसतात, त्यापुढच्या प्रवेश परीक्षेला बसतात, आणि शेवटी इतकी बरोबर मापाची होतात की कुठूनही सरळ निघून जातात.

सई गेली तशी सरळ. बारावी, प्रवेश परीक्षा, इंजिनिअरिंग, कॅम्पसमधूनच नोकरी. दरवेळी समोर चार पर्याय होते, दरवेळी तिनं बरोबर तेच निवडलं. आता बंगळूरला असते. आम्ही वासण्याला लिफ्ट असलेल्या घरात आलो त्यात तिचा मोठा हात आहे. रविवारी फोन करते, औषधं घेतलीत का विचारते. माझ्या मित्रांच्या मुलांकडे पाहिलं की मला तिचा अभिमानच वाटतो. फक्त मी गोष्ट सांगताना आता कुठं थांबत नाही. एका दमात सांगून टाकतो.

तर परवा संध्याकाळी, दह्याचा किस्सा शिळा होण्याआधी सांगावा म्हणून मी तिला फोन लावला. काकीची ओढणी सुटली इथपर्यंत आलो तेव्हा ती हसली, अगदी खळखळून. मला फार बरं वाटलं. मग म्हणाली, "बाबा, आई आहे का जवळ? स्पीकरवर टाक ना."

मेधा समोरच मेथी निवडत बसली होती.

"मी नोकरी सोडली," सई म्हणाली. "मागच्या आठवड्यात."

मेधाचा हात थांबला. मी म्हणालो, "बरं. काही झालं का तिथं? कुणी काही बोललं?"

"नाही रे. काहीच झालं नाही. तेच ना. सगळं बरोबर आलं, बाबा. दरवेळी बरोबरच आलं." तिचा आवाज स्वच्छ होता, रडत वगैरे नव्हती. "रोज सकाळी उठून वाटायचं, हे मी कशासाठी करतेय? आणि उत्तरच यायचं नाही."

"असू दे. सोडलीस ते चांगलं केलंस. आता काय करावंसं वाटतंय तुला?"

पलीकडे तिच्या खिडकीखालची रिक्षा ऐकू आली. कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. मी थांबलो. थांबायची मला सवय आहे.

"सयू? आहेस ना?"

"आहे. विचार करतेय." आणि मग, "ऑप्शन काय काय आहेत?"

मला वाटलं चेष्टा करतेय. मी हसलो. ती नाही हसली.

"खरंच विचारतेय, बाबा. तुला सुचतं. तू चार सांग, मी त्यातलं एक निवडते. मला नुसतं कोरं दिलं ना, तर काही दिसतच नाही."

अख्खा हत्तीखाना उभा करणारा मी, भाकऱ्या भाजणाऱ्या बाईच्या नवऱ्याला दमा देणारा मी, मला एकसुद्धा पर्याय सुचला नाही. मी म्हणालो, "जेवलीस का?" ती म्हणाली, "जेवेन." मग तिनंच "ठेवते" म्हणून फोन ठेवला.

मेधा पुन्हा मेथी निवडू लागली. देठ एका बाजूला, पानं एका बाजूला. निवडून संपली तरी तिचे हात ताटात फिरत होते. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "उद्याची तिकिटं बघा. जी मिळेल ती."

"तुझी शाळा?"

"रजा टाकते."

"मार्चात?"

"मार्चात." ती ताट घेऊन उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबली. "आणि हे बघा, तिथं गेल्यावर गोष्टी सांगायच्या नाहीत. पर्याय द्यायचे नाहीत. तिनं काही विचारलं तर 'मलाही माहीत नाही' म्हणायचं आणि तिच्याजवळ बसून राहायचं. येतं का तेवढं तुम्हाला?"